प्रेमाबाईंचं मौन

जैनांच्या दशलक्षण पर्वातला उत्तम क्षमेचा दिवस, म्हणून शेलूबाजारच्या प्रेमाबाईंनी राग जिंकायला दिवसभर मौन धरलं. सून जिनलला वाटलं, चला, एक दिवस कानांना विसावा! कसला विसावा? तोंडाला कुलूप, पण हात मोकळेच. मीठ कमी पडलं तसं बाईंनी ताट भिरकावलं, जाळं दिसलं तसा झाडू तिच्या पायाशी आदळला, आणि चहाला उशीर झाला तेव्हा देवघरातली घंटा अशी बडवली की खाली दुकानातली गिऱ्हाइकं दचकली.

दिवेलागणीला मौन सुटलं. बाई अभिमानानं म्हणाल्या, "पाह्य जिनल, आज तुले माहा एक तरी शब्द लागला काय?"



जिनलनं हात जोडले. "आई, उद्यापासून मले पोटभर शिव्या द्या, पण ही क्षमा नोको!"