हळदीची कुंडी

मेलबर्नची थंडी सरली तसा कुमार रविवारी बॅकयार्ड साफ करायला लागला. वाळक्या फांद्या ग्रीन बिनमध्ये भरता भरता त्याने चिपळूणला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुंपणाला टेकवून ठेवला.

"गणपती आठवड्यावर आले," आई म्हणाली. "मी तिथे लावलेल्या हळदीला पातोळ्या वाफवण्यापुरती पानं आली का?"

"भरपूर आलीत," तो दरवर्षीसारखं म्हणाला.

"मग तुझ्या मागे कुंडीत ते वाळलेलं काय दिसतंय?"

कुमारने वळून पाहिलं. कुंडी नेमकी कॅमेऱ्यासमोर होती.

"आई, इथे गणपतीत हळद झोपलेलीच असते. पानं थेट डिसेंबरात येतात. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"ठाऊक आहे. लावली तेव्हाच सूनबाईने सांगितलं होतं मला."

"मग दरवर्षी विचारतेस कशाला?"

आई हसली. "शाळेत असताना अर्धा डबा कुत्र्याला घालून यायचास आणि वर 'सगळा संपवला' म्हणायचास. त्याच आवाजात 'भरपूर आलीत' म्हणतोस. तो ऐकायला."