दांड्यावरचं पायताण
दौंडजवळच्या साखर कारखान्यात दुरुस्तीसाठी उसाच्या चरकात उतरणारा फिटर आपलं पायताण यंत्र चालू करायच्या वाफेच्या दांड्याला अडकवून जाई. ते त्यानंच काढेपर्यंत यंत्राला कुणी हात लावत नसे. छप्पन साली नव्या मॅनेजरनं सगळ्या खात्यांच्या नोंदवह्या ऑफिसात नेऊन त्यांचं एकच रजिस्टर केलं. पहिल्याच दिवशी ते काखेत मारून त्यानं दांड्यावरचं पायताण भिरकावलं. “रजिस्टरप्रमाणे आत कुणी नाही. चालू करा.” “सोपानराव फिटर आत हायेत, साहेब,” इंजिनवाला गिदोन म्हणाला. “वहीच तुम्ही नेलीत, त्यांनी लिहायचं कुठं?” मॅनेजरनं स्वतःच दांडा धरला. गिदोननं पाना उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड कडकन मोडलं. धावत आलेल्या पहारेकऱ्यांनी गिदोनला लाथाबुक्क्यांनी तुडवलं, दात पाडले, पण तो दांड्यापुढून हलला नाही. एवढ्यात चरकातून तेलानं माखलेलं डोकं वर आलं. “माझं पायताण कुणी काढलं रं?”