पाणी घालू नये

"चाफा मेली, आई," शार्दूल म्हणाला. चेहरा त्यानं दुःखी ठेवला होता, पण पैज जिंकल्याचं काही लपेना.

"मेला. चाफा तो असतो," अरुणाबाई म्हणाल्या.

पैज ऑक्टोबरातली. बहात्तराव्या वर्षी आईनं इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये एकटीनं कशाला राहायचं, असं मुलाचं म्हणणं. साउथहॅम्प्टनला त्याच्या घरी खोली तयार होती, पडदेसुद्धा लागले होते. रोज फोनवर तेच ऐकून बाईंचं डोकं उठलं. माझी झाडं कोण बघणार, म्हणाल्या. "विंटरमध्ये सगळी जगली तर राहा. एक जरी मेली तर चल," तो म्हणाला. बाई कसल्या ऐकतात! "लागली पैज!"

मग कंबर कसली. जास्वंदी, बोगनवेल आणि पुरुषभर उंचीचा चाफा, सगळ्या कुंड्या ट्रॉलीवरून ग्रीनहाउसमध्ये ढकलल्या. काचांना आतून बबल रॅप लावलं, हीटर बसवला. चाफा थंडीत पानं गाळून झोपतो, त्या झोपेत त्याला पाणी चालत नाही. म्हणून त्याच्या कुंडीत पाटी खोचली, ठळक अक्षरांत: पाणी घालू नये.

आता मे उजाडला होता. जास्वंदीला कळ्या आलेल्या, बोगनवेल तर नुसती माजलेली. चाफाच तेवढा गेला.

अरुणाबाईंनी खोड दाबलं. पिकल्या केळ्यात जावं तसं बोट आत गेलं. खोड मुळापासून कुजलं होतं.

"शार्दूल, जानेवारीत मी फ्लूनं पडले होते आणि तू आठवडाभर राहिलास. ह्याला पाणी घातलंस?"

"हो! रोज, फुल बकेट." तो खुलला. "तू मराठीत नोट लिहिला होता ना, मी स्वतः वाचला. पाणी घालू. आय वॉज सो प्राउड, आई!"

"आणि पुढचं?"

"नये? नये म्हणजे नवीन ना? मला वाटलं, फ्रेश वॉटर."

घ्या! तीन वर्षं दर रविवारी मराठी शाळेत सोडलं, त्याचं हे फळ.

"नये म्हणजे नको, बाळा."

शार्दूलचं तोंड एवढंसं झालं. "सॉरी, आई. मला वाटलं, तहान लागली असेल त्याला. एकटाच उभा होता इथे..."

"मायेनंच घातलंस रे. पण त्याला हवंय का, ते कुठे बघितलंस?"

अरुणाबाईंनी रागानं कुंडीतली पाटी उपटली, माती पुसली, मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं चार शब्द लिहिले आणि पाटी स्वतःच्या स्वेटरच्या बटणात खोचली.

"वाच. मोठ्यानं."

शार्दूल अक्षर अक्षर जोडू लागला. "आईला... साउथहॅम्प्टनला... नेऊ..."

तो थांबला.

"वाच की पुढचं. आता अर्थ ठाऊक आहे तुला."