हरलेल्याचं करायचं काय?

कोलमडलेली राष्ट्रे कशी सावरतात, हा भाटवडेकर सरांचा आयुष्यभराचा अभ्यास. त्यावर बोलायला त्यांना प्रथमच कोणी बोलावले होते. पण वाचनालयाच्या व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची एक आणि अध्यक्ष दोन.

"आबा, निवडणूक हरलात. उठा आता," नाना म्हणाले.

"उठतो. पण माझ्या माणसांचं सभासदत्व?"

"रद्द! एकेकाला हुडकून काढतो."

"मग प्राण गेला तरी उठत नाही!"

भांडणातच सभेची वेळ सरली. चिटणीस सरांच्या कानाशी लागले, "सर, दोन वाक्यांत आटपा. हॉल रिकामा करायचाय."

सर बिचकत उठले. जन्मभराचे सार दोन वाक्यांत? दोघांकडे पाहून त्यांनी धीर केला. "हरलेल्याला जिथे सुखाने जगू देतात, तिथे तो गादी सोडतो. तोच देश सावरतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात आबा आणि नाना वाजवत होते.

"त्या मागासलेल्या देशांना एवढंही कळत नाही हो!" आबा हळहळले.

"अडाणी लेकाचे!" नानांनी प्रथमच दुजोरा दिला.

मग सरांना शाल कोणी घालायची, यावरून दोघांची जुंपली. शालीसाठी वाकवलेली मान सरांनी हळूच वर केली.