हिंदुरावांचा अंगठा

यंत्रात बसवायचे चारशे बुश तयार, आणि चारशेच्या चारशे जुन्या मापाचे. भोसरीतल्या हिंदुरावांच्या लेथच्या शेडमध्ये केयूरने कपाळावर हात मारला. चाकणच्या कंपनीत तो पर्चेसला होता आणि हा माल उद्या सकाळी लाइनवर हवा होता.

"काका, 'जुन्या ड्रॉइंगचं काम थांबवा' असा मेसेज केला होता ना मी? खाली तुमचा अंगठासुद्धा आलाय." त्याने मोबाइल हिंदुरावांच्या नाकासमोर धरला.

हिंदुराव चिंधीला हात पुसत राहिले. "म्या सात फोन केलं, साहेब. तुमी कट केलं."

कट करणार नाही तर काय! दोन ओळींच्या कामाला या माणसाला फोन लागायचा. आधी चहा झाला का, मग घरची खुशाली, मग कुठे मुद्दा. बोललेलं उद्या कोणी कबूल करत नाही, लेखी असलेलं बरं, हे सांगून केयूरचं तोंड दुखलं होतं.

"अहो, पण मेसेज वाचायला काय झालं होतं?"

"सूनबाई वाचून दाखवायची. ती बाळंतपणाला माहेरी गेलीया." हिंदुरावांचा आवाज खाली आला. "आकडं कळत्यात, ड्रॉइंग कळतं. अक्षरं न्हाई येत. मेसेज आला की अंगठा देतो. बँकेत बी अंगठाच देतो की."

केयूरला आधी भयंकर राग आला. एवढं सांगता येत नव्हतं? मग त्याच्या लक्षात आलं, की सांगायचं तर त्यांना फोनवरच सांगावं लागलं असतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

माल चुकल्याचं त्याने आल्याआल्याच मॅनेजरला कळवलं होतं; तेवढ्यात त्यांचा मेसेज आला. 'चूक कोणाची? हिंदुरावांची असेल तर आजपासून त्यांचं काम बंद. तुझी असेल तर तुझ्या नोकरीचं बघावं लागेल. पुरावा पाठव.'

हिंदुरावांच्या तिन्ही लेथ याच एका कंपनीच्या कामावर चालत होत्या. आणि पुरावा तर केयूरच्या हातातच होता. एक स्क्रीनशॉट पाठवला की तो सुटला असता.

त्याने फोन लावला.

"कॉल कशाला करतोस?" मॅनेजर वैतागले. "मीटिंगमध्ये आहे मी. लिहून पाठव ना."

"लिहूनही देतो, सर. पण आधी ऐकून घ्या. चूक माझी आहे."