घाटातला ठसका

आंबोली घाट चढता चढता ट्रक ठसकायला लागला. बाहेर दाट धुकं होतं, मागे नारळ भरलेले आणि स्टिअरिंगवर माझी धाकटी सून, नीलम; शेजारी मी. स्वतः माल घेऊन यायची ही तिची पहिलीच फेरी. "घाटात अडकलीस तर किल्ली माझ्याकडे," थोरल्या दिरानं तिला निघताना बजावलं होतं.

तिनं ट्रक कडेला घेतला आणि गॅरेजवाल्या मेस्त्रींना फोन लावला. "काका, इंजिन गेलं वाटतं."

"इंजिन कुठं जातंय? टर्बोची गरम हवा इंटरकूलरमध्ये गार होते. अशा धुक्यात तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी होऊन तळाला साचतं, तेच इंजिनात शिरतंय. गाडी बंद कर, खालचा पाइप सोड, पाणी काढ आणि पुन्हा आवळ."

पाइप सुटताच पेलाभर पाणी रस्त्यावर सांडलं. "आई, माझ्यापेक्षा ह्यालाच जास्त घाम फुटलाय," ओले तळवे पुसत ती म्हणाली. पुढे ट्रक एकदाही ठसकला नाही.

मला याच घाटातली नवी नवरी आठवली, ह्यांच्या शेजारी दरवाज्याची मूठ घट्ट धरून बसलेली. वर पोचल्यावर "इंजिन तापलंय" म्हणून ह्यांनी गाडी थांबवली होती, पण बॉनेट काही उघडलं नव्हतं. मला चहा तेवढा पाजला होता.

माथ्यावर टपरी दिसली. "थांबव गं, इंजिन तापलंय," मी म्हटलं.

तिनं काट्याकडे पाहिलं. "नाही हो आई, काटा मध्येच आहे."

"तरी थांबव."