एसीला लागलेली दृष्ट

भवानीबाईंची गाडी पुन्हा मंडी मोहल्ल्यातल्या गॅरेजात आली, तेव्हा भुवनचं डोकंच उठलं. नुकताच तर गॅस भरला होता आणि एसी परत गरम वारा फेकायला लागला होता. दुसरं कोणी असतं तर त्याने हात जोडले असते, पण ही सख्खी आत्या.

"तुझं काही चुकलं नाही रे," आत्या म्हणाली. "शेजारची वरलक्ष्मी म्हणाली ना, गाडी किती गार आहे म्हणून! तेव्हापासूनच हे सुरू झालं. मी तिच्याशी बोलणंच टाकलंय."

भुवनला शिसारी आली. त्याची आई गेल्यावर याच वरलक्ष्मीअम्मांनी त्याला जेवू घातलं होतं.

मागच्या खेपेला त्याने गॅसमध्ये गळती दाखवणारा रंग सोडला होता. आता टॉर्च मारताच पुढच्या जाळीमागे, एसीचा गॅस ज्यातून फिरतो त्या कंडेन्सरवर हिरवा डाग चमकला. डागात तारेचं टोक रुतलेलं होतं. त्याने ते ओढलं, तसं जाळीबाहेर लटकणारं सडकं लिंबू हललं आणि त्याचा चिकट रस बोटांवर ओघळला.

"शी! हे कोणी बांधलं?"

"मीच. ती बोलली त्याच दिवशी. दृष्ट लागू नये म्हणून चांगलं घट्ट आवळलं."

"आत्या, याच तारेने भोक पाडलंय. बघ."

आत्या वाकली, तारेकडे आणि भोकाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला.

"अय्यो! एवढी तार, तीसुद्धा आत ढकलली त्या बाईच्या नजरेने!"